काळ्या मेजवानीपासून चेटकिणीच्या बोटांपर्यंत : ताटात भीती वाढण्याचा इतिहास (थ्रेड)

१/ ऑक्टोबर सरत आला की समाजमाध्यमांवर काही विलक्षण पाककृती फिरू लागतात. बिस्किटाच्या पिठाची वाकडी बोटे, टोकाला नखाच्या जागी खोचलेला बदाम आणि बुडाशी रक्तासारखा लाल जॅम : ही 'चेटकिणीची बोटे'. शेजारी पिठाच्या पट्ट्यांत गुंडाळलेली सॉसेजची 'ममी' आणि उकडलेल्या अंड्याच्या फोडीवर ऑलिव्ह ठेवून केलेले 'डोळे'. हा हॅलोविनच्या पार्टीचा फराळ. तो अगदी अलीकडचा वाटतो. परंतु पाहुण्यांच्या पुढ्यात मृत्यू आणून ठेवण्याची कल्पना दोन हजार वर्षांहून जुनी आहे.

२/ प्रारंभ इजिप्तपासून करू. इ.स.पूर्व ५व्या शतकातील ग्रीक इतिहासकार हेरोडोटस याने आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात इजिप्तच्या श्रीमंतांची एक रीत सांगितली आहे. भोजन आटोपले की एक माणूस शवपेटीत ठेवलेली प्रेताची लाकडी प्रतिमा घेऊन सर्व पाहुण्यांपुढून फिरे. तात्पर्य असे की, हिच्याकडे पाहा आणि खा-प्या. मेल्यावर तुम्हीही असेच होणार आहात. येथे भीती हा हेतू नव्हता. मृत्यूची आठवण हे जगण्याचे निमंत्रण होते.

३/ रोमनांनी हीच कल्पना उचलली. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेल्या पाँपेईत दोन्ही हातांत सुरया घेतलेल्या सांगाड्याचे मोझेक चित्र सापडले. जवळच्या बॉस्कोरेआले येथे १८९५ मध्ये चांदीच्या भांड्यांचा ठेवा मिळाला. तो आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यातील दोन पेल्यांवर ग्रीक कवी आणि तत्त्वज्ञ सांगाड्यांच्या रूपात कोरले आहेत. एका ठिकाणी सुखवादी एपिक्युरसचा सांगाडा केकला हात घालतो आहे आणि संयमवादी झेनोचा सांगाडा त्याच्याकडे बोट रोखून उभा आहे.

४/ मात्र रोमन माणूस एक रेषा काटेकोरपणे पाळी. सांगाडा जिवंतांच्या मेजावर चाले. मृतांचे अन्न चालत नसे. १३ ते २१ फेब्रुवारी या पारेंटालिया पर्वात पूर्वजांच्या थडग्यांवर धान्य, मीठ, मद्यात भिजवलेला पाव, फुले असा साधा नैवेद्य ठेवीत. मे महिन्यातील लेमुरिया पर्वात तर घरचा कर्ता मध्यरात्री अनवाणी उठे आणि तोंड फिरवून मागे काळ्या शेंगांचे दाणे टाकीत जाई. ते दाणे घेऊन भुतांनी घर सोडावे, ही अपेक्षा. श्राद्धाच्या दिवशी कावळ्यासाठी वाढलेले पान वेगळे आणि घरच्यांचे वेगळे, हे जाणणाऱ्या आपल्या वाचकांस ही रेषा समजावून सांगण्याची गरज नाही.

५/ ही रेषा जाणूनबुजून ओलांडणारा यजमान म्हणजे सम्राट डोमिशियन (राज्यकाल इ.स. ८१ ते ९६). डॅशियाशी, म्हणजे आजच्या रुमानियाच्या भागाशी, झालेल्या युद्धानंतर, बहुधा इ.स. ८९ च्या सुमारास, त्याने रोममध्ये विजयोत्सव केला. त्या काळात सिनेटमधील आणि सरदारवर्गातील काही बड्या मंडळींना रात्रीच्या भोजनाचे निमंत्रण गेले. अट एकच : प्रत्येकाने एकटे यावे, सेवक बरोबर आणू नयेत. पुढची हकीकत कॅसियस डियो या इतिहासकाराने नोंदवली आहे.

६/ पाहुणे आत आले तर छत, भिंती, जमीन सारे काळेकुट्ट. बसण्यास त्याच रंगाची उघडी आसने. प्रत्येक आसनापाशी थडग्यावर असते तशी एक शिळा, तीवर त्या त्या पाहुण्याचे नाव, आणि जवळ थडग्यात टांगतात तसा लहानसा दिवा. मग सर्वांगाला काळा रंग फासलेली मुले पिशाच्चांसारखी आत शिरली, पाहुण्यांभोवती भयावह नृत्य करून फिरली आणि एकेकाच्या पायाशी जाऊन उभी राहिली.

७/ यानंतर जेवण आले. मृतात्म्यांना जे जे अर्पण करतात, ते सर्व. आणि तेही काळे, काळ्याच भांड्यांतून. पाहुण्यांत कोणी चकार शब्द काढीना. एकटा सम्राट बोलत होता आणि त्याचा विषय होता मृत्यू आणि कत्तल. पुढच्या क्षणी आपला गळा चिरला जाणार, अशी प्रत्येकाची खात्री झाली होती. ही शंका निराधार नव्हती. याच सम्राटाच्या आज्ञेने अनेक सिनेटर ठार झाले होते.

८/ अखेर निरोपाची आज्ञा झाली. पण बाहेर पाहतात तो आपले सेवक नाहीत! अनोळखी गुलामांनी पाहुण्यांना पालख्यांत आणि गाड्यांत बसवले. घर गाठून श्वास घेतो न घेतो तोच दारात सम्राटाचा दूत हजर. आता मात्र शेवट आला, असे वाटत असतानाच एकाने ती शिळा आत आणली. ती चांदीची होती. पाठोपाठ जेवणातली मौल्यवान भांडी आली. सर्वांत शेवटी, रात्रभर पायाशी 'पिशाच्च' म्हणून उभा राहिलेला तो मुलगा न्हाऊनमाखून, सजवून भेट म्हणून आणला गेला.

९/ विजयाप्रीत्यर्थ झालेल्या या समारंभांना रोमच्या जनतेने दिलेले नाव डियोने टिपून ठेवले आहे : डॅशियात आणि रोममध्ये मेलेल्यांची श्राद्धभोजने. युद्ध ज्या अटींवर थांबले, त्या रोमच्या दृष्टीने फारशा अभिमानास्पद नव्हत्या. त्यामुळे राजाच्या काळ्या विनोदाला प्रजेने दिलेले हे उत्तर त्याहूनही धारदार ठरते.

१०/ ही कथा शब्दशः खरी मानावी काय? डियो स्वतः सिनेटर होता आणि त्याने हे लिहिले ते तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात, म्हणजे प्रसंगानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. इ.स. ९६ मध्ये डोमिशियनचा खून झाल्यावर सिनेटने त्याची स्मृतीच पुसण्याचा ठराव केला. शिलालेखांवरून त्याचे नाव खरवडले गेले. अशा वर्गाने जपलेल्या आठवणीत तिखटमीठ असणारच. तरीही कथेतील व्यवस्था ध्यानात घ्या : एकट्याने येणे, सेवक दूर करणे, निघण्याचा मार्ग यजमानाच्या हाती असणे. सत्ता भीती कशी घडवते, याचे ते अचूक वर्णन आहे.

११/ आणखी एक बाब सहसा निसटते. डियोच्या लेखी भयाचे धनी सिनेटर आहेत आणि त्यांची सुटका हा कथेचा सुखान्त आहे. परंतु तो मुलगा? तो गुलाम होता. चांदीची शिळा आणि ताटवाट्या यांच्या रांगेत तोही एका घरातून दुसऱ्या घरी पोहोचता झाला. पाहुण्यांची एका रात्रीची भीती पहाटे संपली. त्याची परिस्थिती संपली नाही. त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. इतिहासातील भयकथा वाचताना, कोणाच्या भीतीची नोंद झाली आणि कोणाच्या नाही, हे पाहण्याची सवय आपण लावून घ्यावी.

१२/ आता युरोपच्या ख्रिस्ती मध्ययुगाकडे वळू. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस नवव्या शतकात पश्चिम युरोपभर रूढ झाला. त्याची पूर्वसंध्या म्हणजेच हॅलोविन. क्लूनी मठाचा प्रमुख ओदिलो याने अकराव्या शतकाच्या आगेमागे २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांसाठी प्रार्थना करण्याचा दिवस मठांत सुरू केला आणि तो पुढे सर्वत्र पसरला. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबे आजही या दिवशी दफनभूमीत जाऊन मेणबत्त्या लावतात, ती याच पंचांगाची परंपरा.

१३/ या दिवसांनी अन्नाला नवे काम दिले. इंग्लंडात गरीब माणसे आणि मुले दारोदार जात, घरच्या मृतांसाठी प्रार्थना करीत आणि त्याबद्दल 'सोल केक' नावाची लहान गोड भाकरी मिळवीत. श्रॉपशायरमध्ये अशा केकांची रास मेजावर रचून ठेवीत, असे १७व्या शतकात जॉन ऑब्रीने लिहिले आहे. रोमन रेषा येथे पुसट झाली. मृताच्या नावाने केलेले अन्न आता जिवंत गरिबाच्या मुखी जाऊ लागले.

१४/ पुढे तर मृत्यूचा आकारच खाण्याजोगा झाला. इटलीत या दिवसांत 'मृतांची हाडे' नावाची पांढरी टणक बिस्किटे करतात. 'मृतांच्या शेंगा' नावाचे बदामाचे गोड दाणेही असतात. लेमुरियातील काळे दाणे आठवावेत. मेक्सिकोत साखरेच्या कवट्या मांडतात आणि 'मृतांचा पाव' भाजतात, ज्यावर पिठाचीच हाडे लावलेली असतात. मेक्सिकोच्या या उत्सवाला २००८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. यांत घाबरवण्याचा हेतू जवळजवळ नाही. गेलेल्या माणसांशी घरोबा आहे.

१५/ डोमिशियनचा वारसा मात्र पॅरिसमध्ये पुन्हा उगवला. १ फेब्रुवारी १७८३ रोजी ग्रिमो द ला रेनिएर या धनाढ्य तरुणाने शाँझेलिझेवरील वडिलांच्या वाड्यात भोजन ठेवले. निमंत्रणपत्रिका मर्तिकाच्या पत्रांसारख्या होत्या. दालनात काळे पडदे आणि अंत्यविधीचा थाट. लोकांना सज्जातून हे जेवण पाहण्याचीही सोय केलेली होती. सारे पॅरिस त्याविषयी बोलू लागले.

१६/ ग्रिमोचे वडील सरकारी कर गोळा करण्याचा मक्ता घेणाऱ्यांपैकी होते, आणि तो वर्ग जनतेच्या तिरस्काराचा विषय होता. मुलगा जन्मतःच हातांनी अपंग होता. आपल्या घराण्याच्या डामडौलाची थट्टा करण्याची एकही संधी तो सोडीत नसे. म्हणजे येथे यजमान दुर्बळांना भेडसावत नव्हता, तर स्वतःच्याच वर्गाची प्रेतयात्रा मांडत होता. सहा वर्षांनी, १७८९ मध्ये, फ्रेंच राज्यक्रांती झाली. ग्रिमो तीतून वाचला आणि १८०३ पासून त्याने खवय्यांसाठी वार्षिके काढली. आधुनिक खाद्यसमीक्षेच्या जनकांत त्याची गणना होते.

१७/ शतकभराने, १८८४ मध्ये, योरिस-कार्ल ह्युस्मान्सच्या 'आ रबूर' या फ्रेंच कादंबरीत पुन्हा काळे भोजन अवतरले : काळे दालन, राय धान्याचा काळपट पाव, ऑलिव्ह, कॅव्हियार, रक्ताचे सॉसेज. आजच्या पार्टीत 'सगळे पदार्थ एकाच भीतीदायक रंगाचे' ही जी युक्ती दिसते, तिचे साहित्यातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण हे.

१८/ लोकांचा हॅलोविन मात्र आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या चुलीपाशी वाढत होता. तेथील पदार्थ भविष्य सांगत. बार्मब्रॅक या मनुकांच्या पावात अंगठी दडवीत. ज्याच्या तुकड्यात ती येई त्याचे लग्न जवळ आले म्हणत. बटाटा आणि कोबीवर्गीय भाजी एकत्र करून कॉलकॅनन करीत. १८४५ ते १८५२ च्या भीषण दुष्काळात लाखो आयरिश लोक अमेरिकेस गेले आणि त्यांच्याबरोबर हा सण गेला. सलगम कोरून केलेल्या दिव्याची जागा तेथे मोठ्या, कोरण्यास सोप्या भोपळ्याने घेतली.

१९/ 'थीम पार्टी' जन्मली ती अमेरिकेत, आणि तिच्यामागे कागदाचा धंदा होता. मॅसॅच्युसेट्समधील डेनिसन कंपनी क्रेप कागद विकत असे. तिने १९०९ मध्ये 'बोगी बुक' म्हणजे भुताची पुस्तिका काढली, आणि १९१२ पासून ती जवळजवळ दरवर्षी निघू लागली. तीत सजावट, पोशाख, खेळ आणि मेजाची मांडणी यांच्या तपशीलवार सूचना असत. नारिंगी आणि काळा ही रंगांची जोडी, वटवाघळे, काळ्या मांजरी यांना घरोघरी पोहोचवण्यात अशा पुस्तिकांचा मोठा वाटा आहे.

२०/ पार्टीची निकड वाढली ती महामंदीत. हॅलोविनच्या रात्री तरुण मुलांचे टोळके खोड्या काढी. १९३३ मध्ये या खोड्यांनी विध्वंसाचे रूप घेतले : मोटारी उलटवल्या गेल्या, टेलिफोनचे खांब कापले गेले. त्या रात्रीस काही ठिकाणी 'काळा हॅलोविन' म्हटले गेले. सण बंदच करावा, असा सूर उमटला. पालकांनी आणि नागरी मंडळांनी दुसरा मार्ग काढला : मुलांना घरात बोलवा, खाऊ घाला आणि घाबरवा. १९३७ च्या एका पार्टी-पुस्तिकेत तळघरातील अंधाऱ्या वाटेवर जुनी फर आणि कच्च्या काळजाचे तुकडे भिंतीला टांगावेत, असा सल्ला आहे. सोललेली द्राक्षे 'डोळे' म्हणून अंधारात हातात देण्याचा खेळही याच कुळातला.

२१/ दारोदार खाऊ मागण्याची 'ट्रिक ऑर ट्रीट' ही घोषणा १९२० च्या दशकात कॅनडातील वृत्तपत्रांत दिसते. १९२७ ची अल्बर्टा प्रांतातील बातमी विशेष प्रसिद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धात, मे १९४२ पासून, अमेरिकेत साखरेचे रेशनिंग आले आणि ते जून १९४७ पर्यंत टिकले. ते उठताच ही चाल देशभर फोफावली. तेव्हा झोळीत पडत ती बहुधा घरची बिस्किटे, सफरचंदे, मक्याच्या लाह्यांचे लाडू. सोल केकचीच ही नातवंडे.

२२/ मग खरी भीती आली. १९७४ मध्ये टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळ एक आठ वर्षांचा मुलगा हॅलोविनच्या रात्री सायनाइड घातलेली साखरेची भुकटी खाऊन दगावला. विष घालणारा त्याचा स्वतःचा बाप होता; मुलांच्या विम्याच्या पैशांसाठी त्याने हे केले. १९८४ मध्ये त्याला मृत्युदंड झाला. १९८२ च्या शरद ऋतूत शिकागो परिसरात टायलेनॉल गोळ्यांच्या बाटल्यांत कोणीतरी सायनाइड मिसळल्याने सात जण मेले. त्या वर्षी अनेक गावांनी मुलांच्या फेऱ्याच रद्द केल्या.

२३/ लोकांच्या मनात चित्र पक्के झाले : कोणी अनोळखी शेजारी सफरचंदात ब्लेड आणि गोळीत विष घालून बसला आहे. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट आणि जेराल्ड होरियुची यांनी १९५८ पासूनच्या बातम्या तपासून १९८५ मध्ये निष्कर्ष मांडला. अनोळखी माणसाने हॅलोविनच्या खाऊतून मूल मारल्याचे किंवा गंभीर जखमी केल्याचे एकही सिद्ध उदाहरण त्यांना सापडले नाही. अनेक प्रकार बनाव निघाले. टेक्सासचा मुलगा बळी होता, परंतु त्याचा खुनी दाराबाहेरचा नव्हता.

२४/ परिणाम मात्र टिकला. दारावर घरचा खाऊ देणे संशयास्पद झाले आणि कारखान्यातील बंद पाकीट हे सुरक्षिततेचे चिन्ह ठरले. घरच्या हातच्या पदार्थाला मग एकच जागा उरली : ओळखीच्या माणसांची पार्टी. चेटकिणीची बोटे आणि ममी यांच्या आजच्या भरभराटीमागे हौस आहे, छायाचित्रांचा सोस आहे; परंतु शेजाऱ्यावरचा उडालेला विश्वासही आहे. ज्याने केले त्याला आपण ओळखतो, म्हणूनच ते बोट आपण निर्धास्तपणे खातो.

२५/ मग हे पदार्थ बहुतेक हातानेच उचलून खाण्याचे का असतात? व्यावहारिक कारण उघड आहे : मुखवटे घालून उभ्याने वावरणाऱ्यांना काटा-चमचा अडचणीचा. दुसरे कारण रूपाचे. एक घास म्हणजे एक अवयव, त्यामुळे नक्कल नेमकी साधते आणि मोडतेही चटकन. दात लागताच बोटाचे बिस्किट होते. 'डेव्हिल्ड एग्ज' या नावातील सैतान मात्र भुताखेतांमुळे आलेला नाही. इंग्रजीत १८व्या शतकापासून झणझणीत मसालेदार पदार्थाला हे विशेषण लागत आले आहे. हॅलोविनने ते आयतेच उचलले.

२६/ आता दोन टोके शेजारी ठेवू. डोमिशियनच्या दालनात आणि आजच्या पार्टीत सामग्री जवळपास तीच : काळा रंग, थडग्याची शिळा, भुताचे सोंग, मृत्यूचे अन्न. तरी एका ठिकाणी पाहुण्यांचा घसा कोरडा पडला आणि दुसऱ्या ठिकाणी मुले खिदळतात. फरक निमंत्रणाच्या अटींत आहे. दार उघडे आहे काय? सोबत आपली माणसे आहेत काय? 'मला नको' म्हणता येते काय? या तीन प्रश्नांची उत्तरे 'हो' असतील, तरच भीतीचा खेळ होतो. एक जरी 'नाही' झाले, तर ती दहशत असते, मग ताट चांदीचे का असेना.

२७/ मुंबई-पुण्याच्या शाळांत आणि गृहसंकुलांत आता हॅलोविन साजरा होतो आणि तो परका की आपला, यावर दरवर्षी वाद झडतो. वाद अवश्य करावा. परंतु ती बदामाच्या नखाची बोटे समोर आली, तर त्यांच्यामागे श्रॉपशायरचा भुकेला पोरगा आहे, दुष्काळातून पळालेला आयरिश शेतकरी आहे आणि काळा रंग फासून उभा केलेला एक निनावी गुलाम मुलगाही आहे, हे ध्यानी असू द्यावे.

थ्रेड समाप्त. पितरांसाठी किंवा भुताखेतांसाठी अन्न ठेवण्याची एखादी रीत आपल्या गावी असल्यास खाली जरूर लिहावी : कोणता पदार्थ, कोणत्या दिवशी, आणि तो शेवटी कोण खातो, एवढे तपशील असावेत.